आठ दिवसांची रेघ

कमलआत्या गेल्याचं मला घरच्या ग्रुपवर कळलं. सकाळी ऑफिसात नुकताच जाऊन बसलो होतो, संगणक सुरू होत होता, आणि मोठ्या चुलतभावाचा, प्रकाशदादाचा मेसेज आला. "आपल्या कमलआत्या आज सकाळी नंदनवन येथील राहत्या घरी गेल्या. अंत्ययात्रा दुपारी. त्यांच्या पश्चात कोणी नाही." खाली भराभर जोडलेल्या हातांची चित्रं उमटत गेली. मी तो मेसेज तीनदा वाचला. पहिल्या दोन वाक्यांनी रडू आलं आणि तिसऱ्याने माझं डोकं फिरलं. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं… आणि हाफ डे टाकून निघालो.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, मी मात्र अजून त्या एका वाक्याशी भांडतो आहे. दादा वाईट माणूस नाही. जन्मभर सरकारी कचेरीत मसुदे लिहिले, त्यामुळे माणूस गेल्यावरही त्याच्याकडून मसुदाच निघतो, एवढंच. पण चालायला लागेपर्यंत ज्याने आत्याने शिवलेल्या झबल्याशिवाय दुसरं काही अंगात घातलं नाही, त्याने हे लिहावं? म्हणून हा लेख. कुणाला तो आठवणींचा वाटेल, मी तो उत्तर म्हणून लिहितो आहे.

आमचे आजोबा मागावर लुगडी विणायचे. पुढे माग गेला, पोरं नोकऱ्यांना चिकटली. आत्याचं लग्न उमरेडला झालं होतं. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. ती भावांच्या घरी चार महिने राहिली, मग नंदनवनात एक खोली भाड्याने घेतली आणि पायाची शिलाई मशीन आणली. शाळेचे युनिफॉर्म, परकर, पिशव्या, जे येईल ते शिवायची. आणि घराण्यात कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं, की सगळं बाजूला सारून झबली, टोपडी, दुपटी शिवायला बसायची. बारशाला तिची झबली सगळ्यांत आधी पोचायची आणि ती स्वतः सगळ्यांत मागे बसायची, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात. बाळाला पाळण्यात घालायला ज्या बायकांना पुढे बोलवायचे, त्यांत तिचं नाव कधीच नसे. का नसे, ते कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. मीसुद्धा कितीतरी बारशांना पोटभर जेवून आलो आणि एकदाही विचारलं नाही. याची मला आज लाज वाटते.

सात वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, अर्चनाला दिवस गेले. आम्ही तेव्हाही मनीषनगरच्या याच घरात होतो. तिसरा मजला, वर थेट स्लॅब, दहा बाय बाराची एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. अर्चना एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तीन महिन्यांची सुट्टी मिळणार होती, त्यापुढे जागा राखून ठेवणार नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. बाळ यायचं होतं एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे नागपूरचा एप्रिल आणि मे, वर तापलेला स्लॅब… फेब्रुवारीत माझे सासरे सावनेरहून आले. कोळसा खाणीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "जावईबापू, राग नका मानू. पण ह्या भट्टीत तान्हं लेकरू ठेवाल का तुमी? अर्चनाले अन् बाळाले दिवाळीलोक आमच्याकडं राहू द्या." दिवाळीपर्यंत म्हणजे नोकरी गेली. सासरे गेल्यावर अर्चना स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

मी या संकटावर माझ्या स्वभावाप्रमाणे उपाय काढला. मी यादी केली. मोबाइलवर पाहून पाहून, कठडे असलेल्या पांढऱ्या लाकडी पाळण्यापासून ते बाळाच्या बाटल्या उकळायच्या यंत्रापर्यंत. ढकलगाडी, वॉकर, झोके देणारी खुर्ची, लंगोट बदलायचं टेबल, बाळावर नजर ठेवायचा कॅमेरा. घरात सगळं भरलेलं दिसलं की सासरे बोलायचे थांबतील, असा माझा हिशेब होता. आमची ऐपत त्या यादीतल्या एका मोठ्या वस्तूची होती, आणि माझं मन त्या पांढऱ्या पाळण्यावर बसलं होतं.

आत्या रविवारी आली. चष्मा कपाळावर चढवून तिने यादी वाचायला घेतली.

"दुकान टाकून राहिला का गा?"

"लागतं हे सगळं, आत्या."

"अन् हा कॅमेरा? एका खोलीत लेकरू हरपते का तुह्यं?"

अर्चना खूप दिवसांनी हसली. आत्याने मात्र यादी फाडली नाही, रागावलीही नाही. ब्लाउजच्या खिशातून तिने कापडावर खुणा करायचा तो चपटा खडू काढला, माझ्याकडून प्रत्येक वस्तूची मापं मोबाइलवर बघून घेतली, आणि पदर खोचून फरशीवर बसली. खिडकीखाली पाळणा आखला. कपाटाजवळ ते टेबल. दाराशी ढकलगाडी. अर्ध्या तासात आमच्या खोलीचा सातबारा झाला. मग तिने नियम सांगितला. "आठ दिस असंच राहायचं. रेघेच्या आत पाय टाकायचा नाही. आठ दिसांत जी रेघ पुसली, त्या वस्तूले ह्या घरात जागा नाही. जी राहिली, ते आना." तिच्या मशीनलाही तिने कधीकाळी याच पद्धतीने जागा काढली होती म्हणे.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. पहिल्याच सकाळी गादी गुंडाळताना ढकलगाडीची रेघ पुसली गेली. टेबल दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी कपाटाचं दार उघडलं आणि अर्चनाचा पाय त्याच्यावर पडला. आठवा महिना चाललेली बाई खडूच्या खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात जायची, हे बघून मलाच कसंतरी व्हायचं. पाचव्या दिवशी पाळणाही गेला. खिडकी उघडायला मीच तिथे उभा राहिलो होतो, घाम पुसत. आता सांगायला हरकत नाही… मी तो पाळणा शाळेच्या खडूने पुन्हा गिरवला. पट्टी लावून, सरळ.

रविवारी आत्या आली, खाली वाकली, आणि सरळ उभीसुद्धा न राहता म्हणाली, "हे रेघ माह्या हातची नाही." पंचेचाळीस वर्षं कापडावर खुणा करणाऱ्या बाईला मी खडूच्या रेघेत फसवायला निघालो होतो. तिने मला त्यावरून वर्षभर छळलं. पण त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "तू खिडकीपाशी काहून गेला होतास?" मी म्हटलं, "उकडत होतं." "मंग?" असं म्हणून तिने पाळण्याची खूण ओल्या फडक्याने पुसली आणि त्याच जागी, खिडकीला लागून, एक लहानसा चौकोन काढला. "हा कूलर."

मी यादी उलटून पालटून पाहिली. बाळाला लागणाऱ्या वस्तूंच्या कुठल्याच यादीत कूलर नव्हता. त्या याद्या करणारे नागपुरात मे महिन्यात राहत नसावेत. आमचे सगळे पैसे त्या चौकोनात गेले. चांगला मोठा कूलर आणला, वाळ्याच्या ताट्या लावल्या. घरमालकाची परवानगी काढून मी आणि आत्याने गच्चीवर चुना मारला. तिचं वय तेव्हा पासष्टच्या पुढे होतं आणि ब्रश माझ्यापेक्षा भरभर चालत होता. पाळण्याऐवजी दोन खोल्यांमधल्या दारावरच्या बीमला गवंड्याकडून एक भक्कम कडी बसवून घेतली आणि तिच्यात आजोबांच्या मागावरच्या लुगड्याची झोळी टांगली. नको तेव्हा काढून घडी केली की जागा मोकळी. जुन्या साड्यांचे लंगोट, पुढून बांधायची झबली, एक छत्रीची मच्छरदाणी, एक थर्मामीटर. टब घरात होताच. संपली यादी.

मार्चअखेरीला सासरे पुन्हा आले. भर दुपारी, मुद्दाम. बरोबर त्यांची बहीण होती. आत्या घरातच होती, कूलर चालू होता. ती खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "पाळणा नाही काही नाही… अन् सांगणारी कोण, त जिनं आपलं लेकरू पाह्यलं नाही." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने हात वर करून मला थांबवलं. "खरं आहे," ती म्हणाली, "माह्यं एकही नाही. म्हनून मी दुसऱ्याईचीच पाह्यली. नीट पाह्यली. भाऊ, तुमी बसा थोडा वेळ. मंग बोला." सासरे चटईवर टेकले. थोड्या वेळाने भिंतीला पाठ लावली. मग आडवे झाले. अर्चनाने चहा टाकेपर्यंत ते चक्क घोरत होते. आत्या त्यांच्याकडे बोट करून त्या बाईंना म्हणाली, "निजले पाहा. तसंच बाळ निजंन." दिवाळीचा विषय त्या दुपारनंतर निघाला नाही.

बारसं याच खोलीत झालं. बायका झोळीभोवती उभ्या राहिल्या, आत्या सवयीने स्वयंपाकघरात सरकली. अर्चना बाळ घेऊन उठली, सगळ्यांच्या देखत तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही घाला." कुणीतरी घसा खाकरला. अर्चनाने तिकडे अशा नजरेने पाहिलं, की तो घसा लगेच साफ झाला. आत्याने हात पदराला दोनदा पुसले. इतकी वर्षं सुईत एका झटक्यात दोरा ओवणारे हात… तिने आमच्या रेवाला झोळीत घातलं आणि पहिला झोका दिला. तिच्या आयुष्यातला तो पहिला. मला त्या क्षणी घराण्याचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता, आणि बायकोचा जेवढा अभिमान वाटला, तेवढाही.

जुलैत अर्चना कामावर गेली. आत्या रोज नंदनवनहून बस बदलून यायची, हातशिलाईचं काम पिशवीत घेऊन, आणि संध्याकाळी परत जायची. ती काही देवी नव्हती. हेकट होती, जिभेला धार होती, माझ्या हातचा चहा तिला एकदाही आवडला नाही. बाजारच्या डायपरला तिने घराबाहेर ठेवलं होतं. मग पावसाळा लागला, लंगोट वाळेनात, खोलीभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओले कपडे, माणसाने उभं कुठे राहायचं. एका सकाळी तीच डायपरचं पाकीट घेऊन दारात उभी. "मी चुकली," म्हणाली. एवढं सरळ कबूल करणारा दुसरा माणूस मी आमच्या घराण्यात पाहिला नाही.

तेराव्यानंतर तिची खोली रिकामी करायला दादा आणि मी गेलो. दादा म्हणाला, "मशीन भंगारात देऊन टाकू. तुझ्याकडं कुठं जागा आहे?" बोलता बोलता त्याने मशीनचं ड्रॉवर उघडलं. बॉबिनांमध्ये तो चपटा खडू होता, झिजून बोटाच्या पेराएवढा राहिलेला. खाली कागदात गुंडाळलेलं एक झबलं, एका बाहीचं. दुसरी बाही कापून टाचणीने लावलेली होती. दादाच्या सुनेला सातवा महिना आहे, हे घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने ते झबलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि खाली बसला. म्हणाला, "हे… पुरं करता येईल का रे?" मी सुतळीने मशीनचं माप घेतलं, खडू आणि झबलं खिशात टाकलं आणि घरी आलो.

रेवाने त्या खडूने कपाटाशेजारी मशीनची जागा आखली. एक बाजू वाकडी आली, ती तशीच ठेवली. आता आम्ही तिघं झालो आहोत, खोली तेवढीच आहे, दप्तर आहे, सायकल आहे, त्यामुळे मला धाकधूक होती. मी कुणाला काही बजावलं नाही. या वेळी गिरवायचं नाही, हे मात्र स्वतःला रोज बजावलं.

परवाच्या रविवारी आठ दिवस पूर्ण झाले. मी गुडघे टेकून चारी बाजू पाहिल्या. रेघ जशीच्या तशी होती, रेवाची वाकडी बाजूसुद्धा. अर्चना रोज फरशी पुसते. सगळी फरशी लखलखीत होती, फक्त रेघेच्या कडेने बोटभर धूळ साचली होती. आठही दिवस तिने तेवढा भाग सोडून पुसलं होतं आणि मला बोलली नव्हती.

मी तिथेच बसून फोन काढला. दीड महिना पुसत आलेलं उत्तर ग्रुपवर लिहिलं आणि पाठवून दिलं. "कमलआत्यांच्या पश्चात अर्चना, रेवा आणि मी. मशीन आज घरी आणतो आहोत. दादा, बाही लावून झबलं बारशाच्या आधी पोचेल."