उतार बघून येणारे दाजी

एका गाडीपायी सगळ्या गोतावळ्याला वेठीला धरणारा आमच्या दाजींसारखा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एरवी देवमाणूस, पण त्यांच्या त्या पांढऱ्या गाडीचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. गाडी त्यांच्या मुलाच्या बारशाआधीची, आणि आता त्या मुलाला टक्कल पडायला लागलंय. किलोमीटरचा काटा कधीच थकून थांबला. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं, त्यामुळे तिथे बसलेला पाहुणा दाजींच्या मर्जीनेच उतरतो. सेल्फ धड लागत नाही म्हणून ते गाडी फक्त उतारावर लावतात. कुणाकडे जायचं हे नात्यावर नव्हे, उतारावर ठरतं. माझी गल्ली सपाट, म्हणून सख्ख्या मेहुण्याकडे ते कित्येक वर्षांत फिरकले नाहीत. आणि कुठल्याशा लांबच्या भाच्याच्या घरासमोर झकास उतार आहे, तर त्याच्याकडे दर रविवारी चहा. सपाटीवर थांबायची वेळ आलीच तर इंजिन चालू ठेवतात. पुतणीच्या लग्नात मुहूर्तापासून पंगती उठेपर्यंत गाडी कार्यालयाबाहेर धूर सोडत होती, आणि अक्षता टाकून दाजी परत तिच्यात जाऊन बसले होते.

ही गाडी काढून टाकायची कधी, असं विचारलं की त्यांचं पंचांग सुरू होतं. दसरा तोंडावर आलाय, पूजेआधी कशी काढायची? दसऱ्याला झेंडूचा हार घालून झाला की, आत्ताच तर पूजा केली. पाडवा, अक्षय्य तृतीया हे घ्यायचे दिवस, विकायचे नव्हेत. पितृपक्षात तर विषयच नको. एकदा मी मोठ्या खटपटीने सटाण्याचं एक गिऱ्हाईक आणलं. दाजींनी त्याला चहा पाजला, गाडीची सगळी दुखणी स्वतःच सांगितली, आणि वर, तुम्ही आवाज चढवून बोलता, हिला ते चालायचं नाही, असं म्हणून वाटेला लावलं. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, यास्ले गाडी इकनीच नही शे." यांना विकायचीच नाही, हे त्याला एका चहात कळलं.

भरडली जात होती ती ताई. धक्का मारायला मागचा उजवा कोपरा तिचा, वर्षानुवर्षं ठरलेला. पण यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हा मी दाजींना निक्षून सांगितलं, की आता गाडी काढा, त्या गुडघ्यांना काही झालं तर मी तुमच्याशी बोलणार नाही. ते म्हणाले, दसऱ्यानंतर बघू.

गुडघे बरे झाले म्हणून नवस फेडायला आम्ही तिघं चांदवडला देवीला गेलो, अर्थात त्याच गाडीने. परतताना हायवेच्या कडेला, सपाटीवर, ती बंद पडली. दाजी स्टिअरिंगवर. मी कुरकुरत मागे गेलो, तर ताई माझ्या आधीच उतरून आपल्या कोपऱ्याला हात लावून उभी. मी तिच्यावर ओरडेपर्यंत तिने जोर लावलाही. गाडी सुरू होऊन पुढे सरकली आणि ताई मटकन खाली बसली. लागलं काहीच नव्हतं, ती स्वतःच हसत होती. पण दाजींना आरशात एवढंच दिसलं, की मागे उभी असलेली बायको नाहीशी झाली. त्यांनी किल्ली फिरवून चालू इंजिन बंद केलं आणि धावत आले. तिला उठवलं, साडीची धूळ झटकली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"काढून टाक. न्यायला येतील तेव्हा मी घरी नसेन."

"अहो, दसरा तरी होऊ द्या," ताई म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ओळखीच्या मेकॅनिकच्या हवाली गाडी करून आम्ही एसटीने निघालो. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो ते झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. समोर ट्रक आला की दाजींचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जायचा. ताईने ते पाहिलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. नाशिक येईपर्यंत दाजी ब्रेक लावत राहिले.