कुठली पिन?

चार्जर घ्यायला बुधवार पेठेत गेले, तर दुकानदार म्हणाला, "कुठली पिन, ते सांगा आधी." साडीची पिन, एटीएमचा पिन, चार्जरची पिन. मला मात्र रॉकेलचा वास आला.

लहानपणी पिन म्हणजे स्टोव्हची. बर्नर तुंबला की मारायची. एका सकाळी आमची मोडली, म्हणून आईनं शेजारच्या नव्या सुनेची, शालनवहिनींची, मागून आणली. "एकच आहे हो, आठवणीनं परत द्या," वहिनी म्हणाल्या.

दुपारी त्या जळून गेल्या.

"स्टोव्हला पिन मारताना भडका उडाला," त्यांच्या सासूबाई पोलिसांना सांगत होत्या. आई दारात मूठ आवळून गप्प उभी होती. मला वाटलं, रडू आवरतेय.

मुठीत वहिनींची पिन होती.