चिंचेनं घासलेलं नाणं

पतसंस्थेतला कारकून जत्रेत घेतलेलं काळंकुट्ट नाणं दाखवायला माझ्या सोन्याचांदीच्या दुकानात आला. माझ्या बोटाला काजळी लागली आणि कडेवर साच्याची रेघ दिसली. नवंच नाणं, मुद्दाम काळं केलेलं. आत सुनेनं चिंच भिजत घातली होती. त्या आंबट वासानं दुष्काळातली एक दुपार आठवली.

पाझर तलावाच्या कामावरून गयाबाई माजलगावात माझ्याकडं आली होती. लुगड्याच्या गाठीत चांदीचा वेडावाकडा तुकडा, त्यावर सूर्य आणि हत्तीचे ठसे ठोकलेले. तुकडा लखलखत होता.

"जुनं नाणं असतं तर काळं पडलं असतं," मी म्हणालो. "हे आत्ताचं हाय."

"खणताना गावलं, दादा. लई काळं व्हतं. तुमाला दाखवायचं म्हणून चिंचंनं घासलं."

देवाचे टाक घासतात तसं तिनं ते उजळलं होतं. मी मानलं नाही. चांदी चोख निघाली, तेव्हा ती म्हणाली, "मग जोडवी करा."

कडेला छिन्नीनं तोडल्याच्या खुणा होत्या, अस्सल प्राचीन नाण्याला असतात तशा; हे मला फार उशिरा कळलं. चांदी वितळवायची मूस तापेपर्यंत ते माझ्याच तळहातावर होतं.