बारा वर्षांचा मॉनिटरचा अनुभव

तुम्ही कधी एखाद्या विषयात तज्ज्ञ झाला आहात का, आणि तेही विषय कोणता चालला आहे हे माहीत नसताना? मी झाले आहे. लंडनच्या हॅरो भागातल्या एका प्राण्यांच्या दुकानात, शनिवारी सकाळी, दहा मिनिटांत.

आधी कारण सांगते. आमच्या सईला सरडा पाळायचा होता. दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, निकाल चांगले लागले तेव्हा हे म्हणाले, ठीक आहे, पण सुरुवातीलाच घोटाळा झाला तर विषय बंद. परत सरड्याचं नाव काढायचं नाही.

माझी अट एकच होती, पालीएवढा नको. तेवढा प्राणी फ्रिजमागे गेला तर मी त्या घरात राहायची नाही. मोठा असला की निदान दिसतो तरी.

सईने महिनाभर वाचून ठरवलं, निळ्या जिभेचा स्किंक. हातभर लांब, सुस्त, नवशिक्यांना झेपणारा. शनिवारी तिला कामावर जायचं होतं, म्हणून मी एकटी निघाले. निघताना तिने बजावलं, टँकमधलं तापमान दाखवणारं मशीन विसरू नको. मशीन लक्षात राहिलं. सरड्याचं नाव बसमध्ये विसरले.

दुकानदार भला माणूस. मी म्हटलं, मोठा पण शांत सरडा हवाय. तो म्हणाला, मोठ्यांमध्ये मॉनिटर आहे.

"मॉनिटर तर हवाच," मी म्हटलं. सईने बजावलेलं मशीन ते हेच.

तो म्हणाला, नवशिक्यांना नाही झेपत.

आता काय सांगू, तिथे माझा स्वाभिमान दुखावला. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात मदतनीस आहे. आमच्याकडे प्रत्येक खाटेशेजारी एक मॉनिटर असतो.

"बारा वर्षं मॉनिटर सांभाळतेय मी. एका वेळी सहा."

"सहा? एकाच खोलीत?"

"हो. आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "पुसू देतात?"

प्रश्न जरा विचित्र वाटला, पण इथली माणसं मशीनशीही अदबीने बोलतात. मी सांगितलं, एखादा मधेच ओरडतो, पण जवळ जाऊन बोट लावलं की गप्प होतो.

तो माझ्याकडे साध्वीकडे बघावं तसा बघत राहिला. मग म्हणाला, हा चार फुटांपर्यंत जाईल. मला वाटलं, वायर. मी म्हटलं, प्लगपर्यंत पोचला म्हणजे झालं. तो खूप हसला आणि सगळ्यांत शांत असलेला माझ्या नावाने ठेवला. टँक तयार करा, उद्या न्या, म्हणाला.

घरी येऊन मी अभिमानाने सांगितलं, मॉनिटरसकट ठरवलाय. सईचा चेहरा उतरला.

"आई, मॉनिटर म्हणजे लिझर्डच असते. तो मोठी वाली." तिने फोनवर फोटो दाखवला.

घोरपड. जीभ बाहेर काढून माझ्याकडेच बघत होती.

ह्यांनी चष्मा काढला. "अगं, तुला पाल चालत नाही, आणि तू घोरपड ठरवून आलीस?"

सई बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन वर्षं वाट बघितली होती पोरीने, आणि विषय माझ्यामुळे बंद होणार होता. मी म्हटलं, "अहो, घोटाळा माझा आहे, तिचा नाही. उद्या मी एकटी जाऊन निस्तरते."

"एकटी नको," हे म्हणाले. "सहा घेऊन येशील. सईला ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो, दुकानदाराला सगळं खरं सांगितलं आणि स्किंक घरी आणला. तापमानाच्या मशीनच्या खोक्यावर दुकानदाराने जाड पेनाने लिहून दिलं होतं, 'हा प्राणी नाही.'