सिवीला हुंकार

खजुराचं खोकं उघडलं की त्या चिकट, गुळचट वासासरशी मला सिंगापुरातल्या यिशुनच्या आमच्या जुन्या फ्लॅटमधला एक रविवार आठवतो. नवऱ्याच्या लॅबमधला एक इजिप्शियन सहकारी पहिल्यांदाच जेवायला आला होता, गावाकडचे खजूर घेऊन. गाव म्हणजे वाळवंटातलं सिवा. तिथली भाषा सिवी, चारी बाजूंनी अरबीनं वेढलेली बर्बर भाषा. "कितीतरी शब्द आम्ही अरबीतूनच घेतले, तरी अरबांना आमचं बोलणं कळत नाही," तो हसत इंग्रजीत म्हणाला. त्याची बायको कैरोची, त्यामुळे घरी अरबीच. सिवी उरली होती ती आईच्या फोनपुरती, आणि आई नुकतीच गेली होती. मी वरणाला फोडणी देत होते, तेवढ्यात आमची तान्ही लेक रडायला लागली. त्यानं तिला उचललं आणि खिडकीशी उभं राहून हळू आवाजात तिच्याशी बोलायला लागला. सिवीच असणार ती. लेक गप्प झाली, टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग चक्क हुंकार द्यायला लागली. तो थांबला की ती, ती थांबली की तो. ताटं वाढून झाली तरी आम्ही त्याला हाक मारली नाही. शेवटी तोच वळला, डोळे भरलेले. "ही मला उत्तर देते," म्हणाला. आता लेक शाळेत जाते. मी मराठीत काही सांगितलं की इथल्या इंग्रजीत "कॅन लाह", म्हणजे 'हो, करते', म्हणून मोकळी होते. मी चिडते, मग तो खिडकीपाशी दिसतो, आणि पुढचं वाक्यही मी मराठीतच बोलते.