बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर केलेलं पार्टिशन

ईशा, नील,

भूतबाधा, अंगात येणं, लिंबू-मिरची... या सगळ्याला तुमची आजी आयुष्यभर सरळ ‘नॉन्सेन्स’ म्हणत आली. आजही म्हणते. तरीही हे तुमच्यासाठी इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे – कुणाला उलगडा झाला तर हवाच आहे.

स्थळ : आपलं सिडकोतलं घर, खिडकीजवळचं डायनिंग टेबल. मे महिन्यातली दुपार.

आजोबांनी शेवटच्या वर्षी तुमच्यासाठी रेकॉर्ड केलेल्या गोष्टी फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपवर होत्या. त्याचं विंडोज इतकं बिघडलं होतं की फॉरमॅट करणं भाग होतं. म्हणजे C ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार. पेन ड्राइव्ह तो घेत नव्हता, नेट जोडलं की हँग व्हायचा. तुमच्या बाबाने फोनवर मार्ग सांगितला – हार्ड डिस्कचा थोडा भाग वेगळा काढून D पार्टिशन करायचं, गोष्टी तिथे हलवायच्या, मग फक्त C फॉरमॅट करायचा. वर बजावलं, ‘‘आई, दुकानात दे. मध्येच बंद पडला तर सगळं जाईल.’’

आजोबांचा आवाज दुकानात ठेवून यायला माझं मन होईना. मी स्वतः बसले.

एकच धोका होता. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. लॅपटॉप फक्त चार्जरवर चालायचा. घरात इन्व्हर्टर नाही.

C लहान करायची आज्ञा दिली. चक्र फिरू लागलं. तेवढ्यात शेजारची नसरीन तिचं इडलीपात्र न्यायला आली आणि गप्पा मारत बसली... आणि पंखा थांबला. राउटरचे दिवे विझले. मी डोळे मिटून घेतले.

‘‘भाभी, लाइट गई ना?’’

‘‘गेली.’’

‘‘फिर ये कैसा चल रा?’’

डोळे उघडले. स्क्रीन लख्ख. चक्र फिरतच होतं. नसरीनने वाकून लॅपटॉपखाली पाहिलं – बॅटरीची जागा रिकामी. ती हळूच म्हणाली, ‘‘हात मत लगाओ.’’ मी हात मांडीवर ठेवले.

C लहान झाला. मग मी शांतपणे मोकळ्या जागेचा D केला आणि गोष्टी एकेक करून तिकडे नेल्या. एक लावून पाहिली. आजोबा आधी खोकले, मग म्हणाले, ‘‘हं, ईशाबाई, बसा इथं.’’ नसरीनने पदर डोळ्यांना लावला. मी रीतसर शट डाउन केलं. पुन्हा बटण दाबलं, तर काही नाही. मशीन ठार बंद.

‘‘भाईसाबने किया, भाभी.’’

मला हसू आलं. आजोबांना रिमोटचे सेलसुद्धा धड घालता येत नव्हते.

चहाच्या वेळेला लाइट आली. D जागेवर, गोष्टी शाबूत. नंतर C फॉरमॅट होऊन नवं विंडोज बसलं, नेट सुरळीत चालू लागलं आणि सगळ्या गोष्टी मी तुम्हाला मेल केल्या. लॅपटॉप दुरुस्तीचा दुकानदार म्हणतो, चार्जरमध्ये थोडी वीज उरते. किती वेळ पुरते, विचारलं. ‘‘काकू, दोन-चार सेकंद.’’ लाइट गेल्यावर लॅपटॉप अर्धा तास चालला; नसरीन माझ्यासमोर बसली होती.

तेव्हा वीज कुठून आली, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर त्याने जरूर सांगावं. पार्टिशन मात्र मी केलं.

– आजी