उपकारस्तुतीचं आमंत्रण

मिरजेच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेर, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या वडूजच्या एक मावशी बाकावरच्या सगळ्यांना आमंत्रण देत होत्या. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी आमच्याकडं देवाचं आभार मानायला उपकारस्तुतीची प्रार्थना हाय. जेवायलाच यायचं!"

मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही. तरी विचारलं, "काका बरे झाले?"

"अगं, अजून आतच हायत की!"

"मग आभार आत्ताच?"

"येशूवर भरवसा हाय म्हणायचं, आन् आभाराला निकालाची वाट बघायची व्हय?"

पदराचं टोक मात्र त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

दार उघडलं. सिस्टर हसत म्हणाली, "मावशी, शुद्धीवर आले!"

पदर सुटला. मावशी धावल्या, दारातून वळल्या. "पोरी, लवकर ये हां, चपात्या लाटायला!"

"येते!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की सगळा बाक हसला.